निशाण नसलेली थप्पी

अब्बा स्वतःबद्दल बोलताना नेहमी 'हम' म्हणत. 'हम डिपो को जा रहे', 'हमको अब चाय नहीं होना'. घरात तीच सवय लागली आणि मराठी शाळेत गेल्यावर त्या 'हम'चे आपोआप 'आम्ही' झाले. गुरुजी हसून म्हणत, 'अरे, तू तर एकटाच आहेस ना?' पण सवय गेली नाही. तेव्हा या लेखातला 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. हे आधीच सांगतो, कारण पुढे एक चूक सांगायची आहे आणि ती अनेकांत वाटून घ्यायची नाही.

अब्बा बल्लारशाला एका लाकूड ठेकेदाराकडे मुन्शी होते. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत सगळा मुलूख 'चांदा'च राहिला. आलापल्ली, अहेरी, सिरोंचाकडून सागवानाचे ट्रक येत. ओंडके उतरताना अब्बा हातात वही आणि कानावर पेन्सिल ठेवून उभे राहत. शाळेला सुट्टी असली की आम्ही त्यांचा डबा घेऊन जात असू आणि लाकडांच्या ओल्या, तुरट वासात तिथेच दुपार काढत असू.

त्या व्यवहारात लाकडापेक्षा लाकडाच्या निशाणाला जास्त किंमत होती. तोडायच्या झाडावर नंबर पडे आणि बुंध्याशी खात्याचा हॅमर बसे. झाड पाडले तरी जमिनीतल्या खुंटावर ते निशाण राहिले पाहिजे. ओंडक्यावर पुन्हा नंबर, पुन्हा हॅमर. सोबत वाहतुकीचा परवाना, ज्याला सगळे 'टी.पी.' म्हणत. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या ४१ व्या कलमाने वनोपजाच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला, त्या आधारावर हे चालत आले आहे. ओंडक्यावरचे निशाण, परवान्यावरचा आकडा आणि जंगलातला खुंट, तिघांची साक्ष जुळली तर माल खरा. अब्बा आधी कूप पाहत, मग लांबी आणि गोलाई, आणि त्याप्रमाणे थप्पी लावून घेत.

पण दर पावसाळ्यात काही ओंडके असे येत की त्यांचा नंबर धुऊन गेलेला असे, किंवा हॅमर असलेले टोक फुटलेले असे. हमाल सांगत, 'चाचा, ट्रक तर त्याच कुपाचा आहे, टाकून देऊ त्याच थप्पीत.' अब्बा ऐकत नसत. कुंपणाच्या कडेला त्यांची एक वेगळी थप्पी होती. तिथे निशाण नसलेला माल पडून राही. मालक चिडत, कारण पडलेल्या मालाचा पैसा होत नाही. आम्ही एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, 'जिसका निशान नहीं, उसको किसी के ढेर में मत डालो, बेटा. कल वो चोरी का निकला तो उस ढेरवाला पकड़ा जाएगा.'

हे वाक्य आम्ही तेव्हा ऐकले आणि विसरलो.

पुढे आम्ही लाकडाच्या धंद्यात गेलो नाही. संगणकाचे शिक्षण घेतले आणि चंद्रपूरच्या एका संस्थेत नोकरीला लागलो. दोन्ही जिल्ह्यांतल्या शाखा एकमेकींना जोडणारे संगणकांचे जाळे सांभाळणे हे आमचे काम. पहिल्या वर्षी अब्बांनी विचारले, 'दिनभर करते क्या?' आम्ही म्हणालो, 'लॉग बघतो.' ते खूश झाले. त्यांना वाटले, मुलगा शेवटी ओंडकेच मोजतो आहे. तसे ते फार चुकले नव्हते. जुन्या काळी खलाशी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून समुद्रात टाकत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या त्यावरून जहाजाचा वेग काढत. त्या तुकड्याचे नाव लॉग. तो वेग ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. तिथून तो शब्द आमच्या सर्व्हरपर्यंत आला.

वाचकांपैकी पुष्कळांनी हे काम पाहिलेले नसेल, म्हणून थोडे सांगतो. शाखेतला प्रत्येक राउटर, प्रत्येक स्विच दिवसभर काही ना काही बोलत असतो. लाईन पडली, लाईन आली, कोणी पासवर्ड टाकला, चुकीचा टाकला, वीज जाऊन पुन्हा चालू झालो. ही सारी वाक्ये त्याच्या स्वतःच्या स्मृतीत ठेवली तर वीज गेल्यावर पुसली जातात. म्हणून ती एका मध्यवर्ती सर्व्हरकडे धाडायची पद्धत आहे. तिचे नाव सिसलॉग. १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी टपालाच्या एका प्रोग्रॅमसाठी ती बनवली आणि हळूहळू साऱ्या जगाने उचलली. कितीतरी वर्षे तिला लेखी नियमही नव्हता. चालत आलेली पद्धत २००१ साली प्रथम कागदावर आली आणि २००९ साली नवा, नेटका नियम झाला.

जुन्या पद्धतीत एक ओळ म्हणजे साधे पोस्टकार्ड. पाठवणारा टाकून मोकळा होतो, पोचल्याची पावती येत नाही. सुरुवातीला एक आकडा असतो. समजा १८९. त्याला ८ ने भागले की २३ येतात आणि बाकी ५ उरते. २३ म्हणजे ओळ कोणत्या प्रकारच्या खात्यातली, ५ म्हणजे गोष्ट किती गंभीर. शून्य सर्वांत गंभीर, सात अगदी किरकोळ. त्यानंतर तारीख आणि वेळ, पण जुन्या पद्धतीत तिथे वर्ष लिहीतच नाहीत. मग पाठवणाऱ्याचे नाव आणि शेवटी मजकूर.

सर्व्हरवर दिवसाला लाखो ओळी येतात. त्या एकाच फाईलमध्ये पडू दिल्या तर डिपोत सगळ्या कुपांचा माल एकाच ढिगात ओतल्यासारखे होते. म्हणून उगमाप्रमाणे वेगळ्या करायच्या. अहेरीचा फोल्डर वेगळा, सिरोंच्याचा वेगळा, भामरागडचा वेगळा. हे काम दोन-चार ओळींच्या नियमाने होते. प्रश्न एवढाच की उगम ठरवायचा कशावरून? ओळीच्या आत लिहिलेल्या नावावरून, की ओळ ज्या पत्त्यावरून दारात आली त्यावरून? उपकरण स्वतःचे नाव सांगते ते खोटे असू शकते, किंवा कोणी ठेवलेलेच नसते. आणि दारात आणून देणारा प्रत्येक वेळी मूळ सांगणारा असतोच असे नाही.

आमचे नाना मशिदीच्या मक्तबात शिकवत. हदीसची गोष्ट निघाली की ते आम्हा मुलांना सांगत, मतन म्हणजे मजकूर, तो नंतर; आधी सनद. कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, त्या दोघांची भेट खरोखर झाली होती का, मधला एखादा रावी गळला तर नाही? जुन्या आलिमांनी माणसांच्या या साखळ्या तपासण्यात आयुष्ये घातली. आज मागे पाहताना वाटते, आमच्या कामाचा सारा धडा नानांनी चटईवर बसवून शिकवला होता आणि अब्बांनी डिपोत. तरी आम्ही चुकलो.

ही गोष्ट २०१९ च्या पावसाळ्यातली. संस्थेचे नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. त्या वर्षी पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट पुन्हा पुन्हा बंद पडली. आमची नेहमीची लाईनही गेली. तेव्हा आलापल्लीच्या शाखेतून भामरागडला तात्पुरती जोड दिली. ती जोड देताना आलापल्लीच्या उपकरणाने मागून येणाऱ्या प्रत्येक ओळीवरचा पत्ता पुसून स्वतःचा पत्ता घालायला सुरुवात केली. याला नॅट म्हणतात. काम भागवायला तो सोयीचा असतो. आम्हीच ती सोय केली होती. पण आमचा वर्गवारीचा नियम पत्त्यावर चालत होता, हे त्या घाईत डोक्यात आले नाही. त्या दिवसापासून भामरागडच्या ओळी आलापल्लीच्या फोल्डरमध्ये पडू लागल्या. भामरागडचा फोल्डर रिकामा राहिला. ते आम्हाला दिसत होते. आम्ही समजलो, पूर आहे, उपकरण बंद असेल.

त्याच सुमारास आम्ही सगळ्या शाखांतल्या राउटरांचे पासवर्ड बदलले. दोन आठवड्यांनी वरून विचारणा आली. कार्यालय बंद असताना, रात्री, कोणीतरी राउटरमध्ये शिरायचा प्रयत्न करत आहे असे साप्ताहिक अहवालात दिसते. कुठून ते कळवा. आम्ही रात्रीच्या ओळी काढल्या. सगळ्या आलापल्लीच्या फोल्डरमध्ये. प्रयत्न करणाऱ्या संगणकाचा शाखेतला नंबरही ओळीत होता. तो नंबर आलापल्लीच्या कार्यालयातल्या एका संगणकाचा. आम्ही पत्र लिहिले, 'सदर प्रयत्न आलापल्ली कार्यालयातील संगणकावरून झाल्याचे नोंदींवरून दिसून येते.' एकच वाक्य. खाली सही.

आलापल्लीच्या शाखेत संगणक सांभाळायला एक माडिया मुलगा होता. ठेकेदारामार्फत लागलेला, वय बावीस-तेवीस. गाव आत, जंगलात. पावसाळ्यात रोज ये-जा शक्य नसल्याने तो रात्री कार्यालयातच झोपे. शाखेने त्याला मागील खोली दिली होती. आमचे पत्र पोचले आणि कोणीतरी सरळ हिशेब केला, रात्री तिथे असतो कोण? तोच. दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस, असे त्याला सांगण्यात आले. चौकशी नाही, लेखी काही नाही. आम्हाला हे कळले तेव्हा वाईट वाटले, पण मनात आले, नोंदी तर खोटे बोलत नाहीत.

सहा आठवडे गेले. तो गेला तरी रात्रीचे प्रयत्न थांबले नाहीत. तेव्हा आम्ही पहिल्यांदा तो फोल्डर नीट वाचला, पहिल्या ओळीपासून. आमच्याकडचे राउटर प्रत्येक ओळीला अनुक्रमांक घालतात. त्या फोल्डरमध्ये एकाखाली एक दोन वेगवेगळे अनुक्रम चालले होते. एक चार हजारांच्या पुढचा, दुसरा शंभराच्या आतला, आणि दोन्ही पुढे सरकत होते. एकाच वहीत दोघांचे हस्ताक्षर असावे तसे. दुसऱ्या अनुक्रमाच्या ओळींवर तारीख होती १ मार्च. बाहेर ऑक्टोबर चालू होता. या राउटरांना घड्याळ मिळवून दिले नाही, तर वीज जाऊन आल्यावर ते १ मार्चपासून दिवस मोजू लागतात. ओळीच्या आधी एक चांदणी घालतात, म्हणजे 'या वेळेवर विश्वास ठेवू नका.' बिचारे यंत्र स्वतःहून सांगत होते. आम्ही मात्र ओळ सर्व्हरवर कधी पोचली तेवढेच पाहिले होते.

चुकीच्या पासवर्डच्या साऱ्या ओळी त्या १ मार्चवाल्या होत्या. म्हणजे भामरागडच्या. तिथल्या एका जुन्या संगणकावर लाईनची पाहणी करणारा छोटा प्रोग्रॅम आम्हीच कधीकाळी बसवला होता. त्यात जुना पासवर्ड तसाच राहिला. तो बापडा दर पंधरा मिनिटांनी, दिवसा आणि रात्री, जुन्या किल्लीने दार उघडायचा प्रयत्न करत होता. आम्ही रात्रीच्याच ओळी काढल्या होत्या, म्हणून त्या चोराच्या वाटल्या. आणि संगणकाचा नंबर? सगळ्या शाखांची मांडणी आम्ही एकाच नमुन्यावरून उतरवली होती. त्यामुळे तोच नंबर प्रत्येक शाखेत होता. राउटरचे नावही प्रत्येक ठिकाणी नुसतेच 'राउटर'. नाव एक, नंबर एक, पत्ता पुसलेला. निशाण धुऊन गेलेला ओंडका आम्ही हाताने उचलून दुसऱ्याच्या थप्पीत टाकला होता.

त्या रात्री अब्बांचे वाक्य आठवले. ते तेव्हा हयात नव्हते.

आम्ही दुसरे पत्र लिहिले, चूक आमची असे स्पष्ट लिहिले. ठेकेदाराने तोवर दुसरा माणूस लावला होता. पत्र फाईलला लागले. मग एका रविवारी आम्ही बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टी करत वैनगंगा ओलांडून आलापल्लीला गेलो आणि तिथून विचारत विचारत त्याच्या गावी. तो धान कापून नुकताच आला होता. त्याने खाट टाकली, पाणी दिले. आम्ही सगळे सांगितले. अनुक्रमांक, नॅट, १ मार्च. त्याला ते कळत होते, कामच ते केले होते. शेवटपर्यंत तो मध्ये बोलला नाही. मग विचारले,

'सर, त्या कागदात माझं नाव होतं का?'

'नाही. गावाचं होतं, आणि संगणकाचा नंबर.'

'मग मी कसा झालो?'

आमच्याकडे उत्तर नव्हते. नंतर तो म्हणाला, 'तुमच्या दुसऱ्या पत्राची प्रत मिळेल का? दुसरीकडे विचारतात, आधीचं काम कायले सोडलं म्हणून.' प्रत आमच्या पिशवीत होती. पुढे काही महिन्यांनी अहेरीला तो एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला. ते पत्र त्याने लॅमिनेट करून ठेवले आहे. संस्थेने नंतर त्याला बोलावले, तो आला नाही. आम्हीही आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

परतताना बसमध्ये एकच गोष्ट सारखी टोचत होती. आम्ही शिकत असताना नागपूरला भाड्याची खोली शोधत फिरलो आहोत. नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असे, 'मूळचे कुठले?' आम्ही म्हणू, चांद्याचे. 'नाही, त्याआधीचे?' त्याआधीचेही चांद्याचेच, आमच्या पणजोबांची कबर तिथे आहे. तरी समोरच्याच्या डोळ्यांत आमची थप्पी आधीच ठरलेली असे. नावावरून, मोहल्ल्यावरून माणूस ठरवला की काय होते हे आम्ही अंगावर घेतले आहे. आणि आम्हीच एका मुलाला नुसत्या गावाच्या नावावरून ठरवू दिले. आम्ही त्याचे नाव लिहिले नव्हते, हे खरे. पण ते वाक्य वाचून लोक कोणाकडे बोट दाखवतील, हा विचार करणे सही करणाऱ्याचेच काम होते.

त्यानंतर आम्ही सगळी मांडणी बदलली. आता प्रत्येक ओळीबरोबर दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या जातात. उपकरण स्वतःला काय म्हणवते, आणि ओळ आमच्या दारात कोणी आणली. मधला कोणी असेल तर त्याने मूळ सांगणाऱ्याचा पत्ता पुसायचा नाही, तसाच पुढे द्यायचा. प्रत्येक राउटरला एक कायमचा पत्ता दिला आहे. लाईन कोणत्याही वाटेने गेली तरी ओळ त्याच पत्त्यावरून निघते. नावे शाखांनीच ठेवली आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, ते आठवून आम्ही हे ठरवले. ज्याचा माल, निशाण त्याच्या हातचे असावे.

घड्याळे मिळवणे, नोंदी जपणे हे पुढे सरकारनेच सक्तीचे केले. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सांगितले की नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवायच्या आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवायची. चांगलेच झाले. पण नोंद जपून ठेवली म्हणजे ती कोणाची हे कळले, असे होत नाही. चुकीच्या थप्पीतला ओंडका १८० दिवस जपला तर तो १८० दिवस चुकीच्याच थप्पीत राहतो.

म्हणून सर्व्हरवर एक फोल्डर जास्तीचा आहे. त्याचे नाव आम्ही 'बेनिशाण' ठेवले. ज्या ओळीचे नाव आणि पत्ता जुळत नाही, ती तिथे पडते, कोणाच्याही नावावर जात नाही. नव्याने लागलेली मुले विचारतात, 'सर, ही ओळ तर नव्वद टक्के एटापल्लीचीच आहे, टाकू का तिकडे?' आम्ही नको म्हणतो. आधी शाखेला फोन करायला सांगतो. फोनवरही 'तुम्ही काय केले?' असे विचारायचे नाही. 'तुमच्याकडे वीज गेली होती का?' इथून सुरुवात करायची.

आज सकाळी त्या फोल्डरमध्ये चार ओळी होत्या. तीन दुपारपर्यंत आपापल्या ठिकाणी गेल्या. चौथीचा पत्ता अजून लागलेला नाही. ती तिथेच आहे.